थंडी, हार्प आणि अब्बांची धुनकी

गेल्या डिसेंबरात मी सातवीच्या वर्गात एका मुलाची वही फाडली. पूर्ण नाही, एक पान. त्याने ‘बाळ’च्या जागी चौथ्यांदा ‘बाल’ लिहिलं होतं. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हा ‘ळ’ आमच्या मुलांच्या जिभेला आणि हाताला किती छळतो. घरी बोलतात त्या भाषेत हा आवाजच नाही. मी स्वतः लहानपणी ‘शाला’ म्हणायचे आणि बाईंकडून छडी खायचे. तरीही मी ते पान फाडलं. मुलगा रडला नाही. त्याने पानाचे दोन तुकडे उचलले, नीट एकावर एक ठेवले आणि दप्तरात घातले.

त्या रात्री मला झोप आली नाही. खरं तर त्याच्या आधीच्या पंधरा रात्रीही आली नव्हती. सकाळी शाळा, दुपारी ऑनलाइन माहिती भरणं, संध्याकाळी मतदारयाद्यांचं काम, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी अंगातून अचानक उसळणारी ती गरम लाट, जिच्याबद्दल आमच्याकडे बायका एकमेकींशीही हळू आवाजात बोलतात. परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. मराठवाडा म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो, पण डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, खरंच का? खरंच. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, तोपर्यंत ही थंडी पाय काढत नाही. अशा थंडीत मी रजई अंगावर घ्यायचे, घाम फुटला की फेकायचे, गारठले की पुन्हा घ्यायचे. पलीकडे अम्मा खोकत असायची. ती हिवाळ्यात माझ्याकडे असते, भावाच्या घरावर पत्रे आहेत म्हणून.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिला फोनवर वहीची गोष्ट सांगितली. तिने मला ना रागावलं ना समजावलं. एक लिंक पाठवली. “अम्मी, हे लाव रात्री. तीन तास आहे. काही करू नकोस, फक्त ऐक.”

मी उघडली. पडद्यावर बर्फ पडतोय, लाकडी घर, शेकोटी, खिडकीत मांजर. आणि मागे हार्प. मला हसूच आलं. परभणीत बर्फ पाहायचा तर सरबताच्या गाडीवर. शेकोटी म्हणजे चौकात जुने टायर आणि खोके जाळून हात शेकणारी माणसं. आणि ‘स्वतःची काळजी घ्या’ हा प्रकार आमच्या पिढीच्या बाईला सांगितला की तिला आधी अपराधीच वाटतं. माझ्या अम्माने आयुष्यात स्वतःसाठी एक कप चहा वेगळा केला नाही. सगळ्यांना देऊन उरला तर तो.

पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री डोळा लागतोय न लागतोय तोच मध्येच एक बाई मोठ्याने ओरडली की पाच मिनिटांत कर्ज मिळेल. काळीज धडधडलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, फुकटचं ऐकतेस म्हणून जाहिराती येतात,” आणि तिने तो आवाज फोनमध्ये उतरवून कसा ठेवायचा ते शिकवलं. तेव्हापासून फोन पालथा. बर्फ नको, मांजर नको. इअरफोन एकाच कानात, कारण दुसरा कान अम्मासाठी मोकळा ठेवावा लागतो. त्यावरून सुती ओढणी घट्ट गुंडाळायची. आवाज इतका बारीक की ऐकायचं तर स्वतःला गप्प बसावं लागेल. वीस मिनिटं. तीन तास कुणाकडे आहेत?

आठवडा लागला असेल. मग एका रात्री माझ्या लक्षात आलं की आपला श्वास त्या तारांच्या मागे मागे चाललाय.

मी संगीतातली जाणकार नाही. पण बीएडला शिकवलं होतं की एखादी गोष्ट का चालते ते मुलाला विचारायच्या आधी स्वतःला विचारावं. मला वाटतं, पहिलं कारण हे की त्यात शब्द नाहीत. माझा सगळा दिवस शब्दांत जातो, तेही दोन भाषांच्या. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. गझल लावली की मी अर्थ लावत बसते, अभंग ऐकला की वर्गात कसा शिकवायचा ते सुचायला लागतं. हार्पमध्ये मला दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरं कारण आवाजाच्या जातीत आहे. बासरी किंवा सारंगीचा सूर वाजवणारा धरून ठेवतो, वाढवतो, त्याच्या मागे आपल्यालाही ओढत नेतो. हार्पची तार बोटाने छेडली की सूर त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो आणि मग नुसता विरत जातो. पुढचा आला तरी मागचा त्याच्याखाली थोडा वेळ गुणगुणत राहतो. थांबवायचा असेल तर वाजवणाऱ्याला तळहात ठेवून तार मुद्दाम शांत करावी लागते.

सवयीप्रमाणे मी मग माहिती काढायला लागले. मोठ्या हार्पला 47 तारा असतात आणि खाली 7 पेडल. प्रत्येक पेडल तीन जागी बसतं, त्यामुळे एकाच तारेतून तीन सूर निघतात. ही दुहेरी पेडलची युक्ती पॅरिसच्या सेबास्टियाँ एरारने 1810 साली काढली. इतक्या तारांत वाट चुकू नये म्हणून ‘सा’च्या जागच्या, म्हणजे त्यांच्या ‘सी’च्या तारा लाल आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या रंगवतात. मला हे फार आवडलं, पहिलीच्या मुलांना दुरेघी वही देतो तसं. आणि हार्प वाजवणारे दोन्ही हातांची चार-चारच बोटं वापरतात, करंगळी नाही. ती बिचारी हवेत असते.

उर्दूत या वाद्याला एक शब्द आहे, चंग. ‘चंग-ओ-रबाब’ ही जोडी शायरीत इतक्यांदा येते की मी वीस वर्षं ती वर्गात वाचली आणि “हे जुन्या काळातलं वाद्य” एवढं सांगून पुढे गेले. कुठल्याही मुलाने विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. आता मोबाइलवर इराणी लघुचित्रं पाहिली तर त्यांत बायका गुडघ्यावर चंग टेकवून बसलेल्या, म्हणजे हार्पच की! दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात चित्र दाखवलं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मॅडम, मग मराठीत ‘चंग बांधला’ म्हणजे हार्प बांधलं का?” वर्ग खदखदला. मीही हसले. कितीतरी दिवसांनी वर्गात हसले असेन.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

जानेवारीत एका रात्री इअरफोनची वायर कुशीखाली अडकून निसटली आणि हार्पचा आवाज खोलीत सुटला. मी फोन चाचपडत होते. तेवढ्यात अंधारातून अम्मा म्हणाली, “इत्ती रात कू कौन रुई पींज रा गे?”

माझा हात तसाच राहिला.

माझे अब्बा पिंजारी होते. हे वाक्य मी या ब्लॉगवर आजवर लिहिलं नव्हतं. ‘वडील कापसाच्या धंद्यात होते’ असं एकदा लिहिलंय, खोटं नाही ते. थंडी पडायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला ते धुनकी खांद्यावर टाकून निघायचे. धुनकी म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, आणि त्याला ताणून बांधलेली तात. तात जनावराच्या आतड्याची असते. पिंजारी गल्लीत हाळी देत नाही, तो चालता चालता तात छेडतो. टँव, टँव. तो आवाज ऐकला की बायका गाद्या-रजया बाहेर काढायच्या. वर्षभरात रजईतला कापूस दबून त्याच्या गाठी होतात, मग ती कितीही जड असली तरी ऊब देत नाही. ओट्यावर कापसाचा ढीग घालायचा, धनुष्य एका हाताने तोलून तात त्या ढिगात बुडवायची आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर मारायचं. तात थरथरते, तंतू सुटे होऊन उडतात, कचरा खाली गळतो. ओंजळभर गाठींचा बघता बघता ढग होतो. मग तो खोळीत भरून काठीने सारखा करायचा आणि वर टाके. एका दिवसात दोन-तीन रजया.

शेजारीपाजारी आम्हाला पिंजारी म्हणत, अब्बा स्वतःला मन्सुरी म्हणवत. ते मन्सूर हल्लाजचं नाव सांगायचे. ‘हल्लाज’चा अर्थच मुळी पिंजणारा. बगदादच्या एवढ्या मोठ्या सूफीला, ज्याला 922 साली सुळावर दिलं, त्याला लोक आपल्या धंद्याच्या नावाने ओळखतात याचा अब्बांना काय अभिमान! मला मात्र नव्हता.

मी नववीत असताना, 1994 ची गोष्ट. स्टेशन रोडवरून मैत्रिणींसोबत शाळेतून येत होते. समोरून टँव टँव ऐकू आलं. मी मैत्रिणींना घेऊन रस्ता ओलांडला आणि बांगड्यांच्या दुकानात शिरले. मला बांगड्या घ्यायच्या नव्हत्या. काचेतून पाहिलं तर अब्बा दुकानासमोरून गेले. डोक्यावर, भुवयांवर कापसाची लव. त्यांनी मला पाहिलं होतं. हे मला कसं कळलं? दुकानासमोरून जाताना त्यांनी तात छेडली नाही. वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन पुन्हा सुरू केलं. घरी कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याच पैशांनी मी पुढे बीएड केलं, 2003 साली.

तोवर कापूस पिंजायची विजेची यंत्रं आली होती, नंतर बाजारात तयार ब्लँकेटं आणि पोकळ धाग्याच्या हलक्या रजया आल्या. धुनकी माळ्यावर गेली. अब्बांच्या छातीत मात्र कापूस राहिला. डॉक्टर दमा म्हणायचे. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. ओट्यावर बसून पिंजणाऱ्या म्हाताऱ्याला हे नाव कुणी लावलं नाही, कुणी तपासलंही नाही. 2011 च्या जानेवारीत ते गेले. शेवटच्या आठ-दहा रात्री मी उशाशी होते. त्यांचा श्वास मोजत बसायचे. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा शिट्टी. त्या मधल्या ‘काहीच नाही’मध्ये माझाही श्वास थांबायचा. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मला झोप कमी येते. शाळेच्या कामावर, वयावर, मतदारयाद्यांवर मी उगाच सगळं ढकलत होते असं नाही, तेही आहेच. पण थंडीत पलीकडच्या अंथरुणावर कुणी खोकलं की मी मोजायला लागते.

अम्माच्या त्या एका प्रश्नानंतर मी हार्पबद्दल पुन्हा वाचलं, यावेळी वेगळ्या डोळ्यांनी. सगळ्यात जुना हार्प म्हणजे धनुष्यच. शिकाऱ्याच्या धनुष्याला आणखी तारा बांधत गेले आणि त्यातून हे वाद्य झालं, असं मानतात. मेसोपोटेमियात उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हार्प सापडलेत. आपल्याकडे ‘वीणा’ म्हटलं की सरस्वतीच्या हातातली डोळ्यांसमोर येते, पण प्राचीन वीणा धनुष्याकृती होती. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो अशीच वीणा मांडीवर घेऊन बसलाय. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात, दोन हजार वर्षांहून जुन्या शिल्पात, नाचणाऱ्या बाईसमोर असंच वाद्य वाजवणारा आहे. आपल्याकडून ते वाद्य गेलं, ब्रह्मदेशात राहिलं. आणि मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या गोंडांच्या गाथा गाणाऱ्या परधानांकडे पाच तारांचं धनुष्याकृती बीन-बाजा अगदी आपल्या काळापर्यंत टिकून आहे. हार्पच्या मधल्या तारा अजूनही आतड्याच्या असतात, तातच ती, आणि हवा बदलली की त्यांचा सूरही बदलतो. अब्बा सकाळी निघताना तात एकदा छेडून कान द्यायचे आणि पुटपुटायचे, “आज गिली है.”

आणखी एक वाचलं, ते वाचल्यावर पुस्तक मिटावं तसा मी फोन मिटला. अमेरिकेत मोंटाना राज्यात मिसुला नावाचं थंड गाव आहे. तिथल्या एका रुग्णालयात 1992 पासून थेरेसे श्रोडर-शेकर या हार्पवादक बाईंनी मरणाऱ्या माणसांच्या उशाशी हार्प वाजवण्याचं काम उभं केलं. या कामात ठरलेली धून वाजवत नाहीत. वाजवणारा आधी रुग्णाचा श्वास पाहतो, त्या श्वासाच्या लयीत तारा छेडतो, श्वास मंद झाला की संगीतही मंद करतो, मध्ये थांबला तर थांबतो. म्हणजे माझ्यासारखंच मोजत बसणारं कुणीतरी. फक्त माझ्या हातात काही नव्हतं. आणि माळ्यावर होतं ते मला तेव्हा काढून आणायचं सुचलं नसतं, सुचलं असतं तरी लाज वाटली असती.

आता आमच्या भाईजानबद्दल. माझे थोरले दीर. त्यांना कळलं की मी रात्री बाजा ऐकते. त्यांनी यजमानांमार्फत नाही, थेट मलाच विचारलं, ही गोष्ट मला बरी वाटली. वाद्यसंगीताबद्दल आमच्यात जुना मतभेद आहे. मी मुफ्ती नाही, त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त मौलाना रूमींच्या मसनवीतल्या, पहिल्याच दफ्तरातल्या पीर-ए-चंगीची आठवण दिली. हजरत उमर यांच्या काळातला म्हातारा चंगवादक. आवाज गेला, कुणी बोलवेना, घरात भाकरी नाही. तो मदीन्याच्या कब्रस्तानात जाऊन बसतो आणि म्हणतो, आता फक्त अल्लाहसाठी वाजवतो, त्याने तारांच्या रेशमाचे पैसे द्यावेत. वाजवता वाजवता झोपी जातो. इकडे हजरत उमर यांना स्वप्नात हुकूम होतो की बैतुलमालमधून सातशे दिनार घेऊन त्या म्हाताऱ्याकडे जा. भाईजान म्हणाले, “पण शेवटी तो चंग फोडतो, ते विसरलीस.” विसरले नव्हते. भाईजान शेवट सांगतात, मी सुरुवात सांगते. चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, “फजर चुकू देऊ नकोस म्हणजे झालं.” खरं सांगायचं तर आता फजरला जाग सहज येते, कारण रात्री झोप झालेली असते. अगदी रोज नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री.

बाकी वीस मिनिटांच्या हार्पने ना मतदारयाद्या कमी झाल्या, ना ती गरम लाट. डॉक्टरांकडेही जाऊन आले, रक्त तपासलं, गोळ्या सुरू आहेत. ज्या कुणाला महिनोन्महिने झोप नाही तिने नुसत्या तारांवर विसंबू नये, आधी डॉक्टरांकडे जावं.

त्या मुलाला मी नवी वही दिली. त्याने घेतली, पण तो जुनीच वापरतो. फाटलेलं पान त्याने आतून चिकटपट्टी लावून जोडलंय, आणि त्यावरचं ‘बाल’ तसंच आहे. तपासताना ते पान आलं की मी थांबते. मग लाल पेनाने काही न करता पुढचं पान उलटते. फेब्रुवारीत मी त्याला सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हटलं. तो इतका लाजला की मला वाटलं, हेही एकटीने म्हणायला हवं होतं.

उरुसाच्या सुमाराला भावाकडे गेले तेव्हा माळ्यावरून धुनकी खाली काढली. लाकूड ठीक आहे, मधला भाग हाताच्या घामाने काळा झालेला. तात नाही. उंदरांनी खाल्ली असेल. परभणीत आता तात कुठे मिळते, हे भावाला माहीत नाही. दोन-तीन दुकानांत विचारलं, तर एकाने मला बॅडमिंटनच्या रॅकेटची तार दाखवली.

यंदा पुन्हा थंडी पडलीय. अम्मा आलीय. मी आता इअरफोन लावत नाही, फोन दोघींच्या मध्ये स्टुलावर ठेवते. काल मी कामात होते, लावायचं विसरले, तर तिनेच हाक मारली, “वो पिंजारे का बाजा लगा ना गे.” लावला. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “इसका हाथ हलका है. तेरे अब्बा का भारी था.” मग कूस बदलली आणि म्हणाली, “आवाज बारीक कर. सुबू तेरे कू शाळा है.”

शाळा. ‘ळ’ अगदी नीट उच्चारला तिने.